सरांची बोटं, माझं पुस्तक

आमचे गिटारचे सर उजव्या हाताने कधी दार उघडत नसत. रिक्षाची दांडी धरायला डावा हात, पिशवी उचलायलाही डावाच. उजव्या हाताची नखं त्यांनी तारा छेडण्यासाठी वाढवलेली होती आणि बारीक पॉलिश पेपरने ती ते रोज घासत. संत्रं सोलायचं काम काकूंचं. "मला अर्धाच नवरा मिळाला. उजवा हात गिटारने ठेवून घेतला," असं काकू म्हणायच्या. सर पुढची फोड तोंडात टाकायचे.

मी डोंबिवलीला त्यांच्याकडे शिकायला गेलो तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. पहिल्याच दिवशी म्हणालो, "सर, मला गाणी वाजवायचीत." ते म्हणाले, "वाजव की. आधी बसायला शीक." मग तीन आठवडे डावा पाय जुन्या लाकडी पाटावर ठेवून मी नुसता बसायला शिकलो. जरा वाकलो की आतून काकूच ओरडायच्या, "अहो, तो बघा कसा बसलाय!"

सर स्वतः नोटेशन वाचायला शिकले ते कल्याणच्या रेल्वे कॉलनीत, एका गोवेकर गार्डकडे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये त्यांनी जॅझ वाजवलं. बँड बंद पडत गेले तसे ते एमआयडीसीतल्या कारखान्यात लागले. तिथे पत्रा कापायच्या मशीनमध्ये डाव्या हाताचं तिसरं बोट, म्हणजे अंगठा सोडून मोजलं तर अनामिका, सापडलं आणि ते कायमचं ताठ झालं. दोन वर्षं गिटार कपाटावर पडून होती. मग त्यांनी ती खाली काढली आणि सगळं पहिल्या धड्यापासून पुन्हा बसवलं, ते बोट वगळून. ते वाजवायला लागले की यातलं काही कुणाला आठवायचं नाही, इतकं ते सहज होतं.

वेस्टर्न क्लासिकल आणि जॅझ यांत थोर काय, असं कुणी विचारलं की सर चिडायचे. "क्लासिकल म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून राहणं. जॅझ म्हणजे आपलं घर. पण आपलं झालं म्हणून काय भिंती पाडत सुटायचं?"

चाळीस वर्षांचं हे सगळं काम एका जाड वहीत होतं. तिचा एक नियम होता. धडा नीट वाजला की त्याचं पान विद्यार्थ्याने सरांसमोर बसून स्वतःच्या हाताने उतरवायचं. स्वर पेनने, आणि कुठला स्वर कुठल्या बोटाने धरायचा ते आकडे पेन्सिलने. आकडे लिहिताना सर आमचा हात हातात घेऊन बघायचे आणि वहीतल्यापेक्षा वेगळेच आकडे सांगायचे. "स्वर लिहिणाऱ्याचा, बोट ज्याचं त्याचं," म्हणायचे. मला वाटायचं, सरांचं मत बदलत असेल. झेरॉक्स मात्र काढायची नाही. मी मनात म्हणायचो, जुन्या माणसांचा हट्ट.

पुढे माझी कंपनी बंद झाली आणि मी ठाण्यात वर्तकनगरला स्वतःचा क्लास काढला. सरांनी येऊन नारळ फोडला, अर्थात डाव्या हाताने. त्याच वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. वहीची शिवण उसवली होती. ते म्हणाले, "तुझ्या ठाण्यात, नौपाड्याला चांगला बाइंडर आहे ना? शिवून आण."

मी ती घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून फोनवर पानापानाचा फोटो काढला. नंतर तिला नवी शिवण घालून आणली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या सरांनी वही चाचपली आणि विचारलं, "पानं सगळी आहेत ना रे?"

"आहेत सर. मी उघडलीसुद्धा नाही."

वर्षभरात माझं पुस्तक निघालं. त्यात धडे सरांचे होते, नाव माझं. आकडेही वहीतून जसेच्या तसे घेतले. विद्यार्थी खूश होते. सरांना यातलं काही कळणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

क्लासचा कार्यक्रम नौपाड्यात केला तेव्हा सरांना न बोलावणं वाईट दिसलं असतं. ते पहिल्या रांगेत बसले. बँकेत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी पाटीलबाई वाजवत होत्या. बाकी सगळे त्यांचे स्वर ऐकत होते. सर पुढे झुकून त्यांचा डावा हात बघत होते.

चहाच्या वेळी त्यांनी बाईंना विचारलं, "तिसऱ्या बोटाला काही लागलंय का?"

"छे हो! का?"

"ते वापरतच नाही तुम्ही."

"पुस्तकात तसंच दिलंय. आमच्या सरांच्या पुस्तकात." बाईंनी कौतुकाने पर्समधून पुस्तक काढलं. सरांनी चार पानं उलटली.

आणि माझ्या लक्षात आलं. वहीतले ते आकडे सरांच्या ताठ बोटाला सांभाळून घेण्यासाठी होते. चांगल्या धडधाकट माणसांना मी त्यांचं व्यंग शिकवत होतो.

सरांनी मला विचारलं, "ही बोटं कुणी बसवली?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "मीच सर."

"अस्सं." त्यांनी पुस्तक बाईंना परत दिलं. "छान वाजवलंत. फक्त त्या बोटाला कामाला लावा. चांगलं आहे ते." चहा न संपवता ते निघाले. मी रिक्षापर्यंत गेलो. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी डोंबिवलीला गेलो नाही. पुस्तक छापणं बंद केलं. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतले आकडे एकेक करून खोडले, पण का खोडतोय ते कुणाला सांगितलं नाही. मग एके दिवशी सर गेल्याचा निरोप आला.

शोकसभेत काकूंनी मला हात धरून पुढे आणलं. म्हणाल्या, "हा ह्यांचा सगळ्यात लाडका. वही शिवून आणली होती ह्याने." सरांनी त्यांनाही काही सांगितलं नव्हतं. मी सरांच्या शिस्तीबद्दल चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. शेजारच्याने माझ्या पाठीवर थोपटलं.

म्हणून हे लिहून काढलं. रविवारी काकूंकडे जाणार आहे. त्यांना आता चष्मा लावूनही वाचता येत नाही. मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल.