दोन दारांचा तंबू

वन्सं आत्ता जाग्या असतील का, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. आभाळ स्वच्छ आहे, तळ्याकाठी इतरही तंबू आहेत, लेक त्यांच्या शेजारीच आहे. सगळं स्वतःला समजावून झालं. तरी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे लिहीत बसले आहे आणि फोन पुढ्यात ठेवला आहे.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवली. कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसून त्या बटणं दाबत, आणि कोण कुठल्या मजल्यावर निघालंय ते बरेचदा चेहऱ्यावरूनच ओळखत. नव्या बाळाला बघायला निघालेला बाप आरशात केस सारखे करतो, म्हणायच्या. लग्न केलं नाही, राहिल्या आमच्याकडे. मी नोकरीला जायची आणि लेक आत्याच्या कडेवर वाढली. अजूनही तिला काही सांगायचं असलं की आधी आत्याला कळतं, मग मला.

निवृत्तीच्या थोडं आधी रात्रपाळीला लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दिवे गेले. आत वन्सं एकट्या. माणसं येऊन दार उघडेपर्यंत त्या अंधारात पोलादावर हात फिरवत होत्या. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या: "अगं, इतकी वर्षं ते दार मी उघडलं-मिटलं. पण आतून धरायला त्याला काहीच नाही, हे तेव्हा कळलं."

तेव्हापासून त्या खोलीचं दार पूर्ण लावत नाहीत. वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून फटीत एक चप्पल अडकवतात. न्हाणीघराची कडी लावत नाहीत. आत कुणीतरी आहे हे कळावं म्हणून मोठमोठ्याने गातात. सूर बेताचाच आहे, पण घरात कुणी तक्रार करत नाही.

अशा बाईला लेक म्हणाली, "आत्या, तंबूत राहायला येतेस?"

"येते की. जन्मभर नुसतं वर-खाली केलं. आता जरा लांब जाऊ."

"ताई, तुला जमेल का?" ह्यांनी विचारलं.

"का रे बाळ्या? तंबूला जिने असतात?"

ह्यांना उत्साह फार. दुसऱ्याच दिवशी एक चपटी गोल पिशवी घेऊन आले. हवेत फेकला की आपोआप उभा राहणारा तंबू, म्हणे. फेकला. त्याने सोफा, टेबल आणि अर्धा टीव्ही गिळला. आम्ही हसतोय तोवर वन्सं आत शिरल्या आणि त्यांनी झिप ओढून घेतली. बहुतेक आपल्याला जमतं का, ते बघायचं होतं. उघडताना झिपमध्ये कापड अडकलं. आधी हालचाल थांबली, मग आतून कापडावर तळहात फिरताना दिसला. वर, खाली, पुन्हा वर. लेकीने बाहेरून हिसका देऊन झिप सोडवली. वन्सं बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तंबूत जायचं त्या दिवशी मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. विसरलेच होते."

लेक तंबू आवरायला लागली, तर तो मिटेना. ह्यांनी माहितीपत्रक वाचलं, मी एक टोक धरलं, हे त्यावर बसले. हे उठले की तंबूही उठे.

"बाबा, परतच देऊ या. आत्या, तू धरायला चल. मला एकटीला नाही झेपायचा."

तशी ती वरात निघाली. पुढे लेक, मागे वन्सं, मध्ये फुगलेला तंबू, आणि त्याची रिकामी पिशवी घेऊन मी. वाटेत एकाने विचारलं, कुठे बसवायचा? वन्सं म्हणाल्या, "सध्या तोच आम्हाला बसवतोय."

दुकानदाराने निमूटपणे तो परत घेतला आणि बदली दुसरे दाखवायला लागला. हा तीन खोल्यांचा, ह्याला पंख्याची सोय, ह्याच्या छतातून चांदण्या दिसतात.

"बाहेर कुठून पडायचं?" वन्संनी विचारलं.

"झिप आहे ना, काकू."

वन्संनी रुमाल काढून डोळ्यांवर बांधला आणि एकात शिरून आडव्या झाल्या. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बघू द्या त्यांना." चांदण्यांच्या तंबूची झिप त्यांना सापडलीच नाही. तीन खोल्यांच्या तंबूत त्या भलत्याच खोलीत गेल्या. प्रत्येक वेळी लेक दारात उकिडवी बसून बोलत होती, "मी इथंच आहे गं."

शेवटी कोपऱ्यात एक साधा तंबू उभा होता. एकमेकींवरून गेलेल्या दोन काठ्या, वर पावसाचं कापड, आणि समोरासमोर दोन दारं. दुकानदार स्वतःच म्हणाला, "ह्यात खास काही नाही. पण परतही कुणी आणत नाही." वन्सं शिरल्या. उजवा हात लांबवला, दार उघडलं. मिटलं. डावा लांबवला, तेही उघडलं. रुमाल न काढताच म्हणाल्या, "हा द्या."

"आणि दातांचं?" लेकीने विचारलं.

"दात कुठे पळून जातायत?"

आज सकाळी दोघी गेल्या. मी मात्र कुणाला न सांगता एक व्यवस्था करून ठेवली. पलीकडच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्या दादांना म्हटलं, रात्री-बेरात्री आणायला जावं लागलं तर जाल का? ते म्हणाले, "ताई, तुमचा फोन येईपर्यंत कपडे बदलत नाही."

हे लिहिता लिहिता लेकीचा फोटो आला. तंबूचं दार पूर्ण मिटलेलं, आणि बाहेर वन्संच्या दोन्ही चपला, जोडीने. खाली लिहिलंय: "दार आत्यानेच लावलं. मी मागच्या दाराने बाहेर येऊन फोटो काढला."

माझ्या मनात लगेच आलं, पोरीसाठी लावलं असेल आणि आत टक्क जाग्या पडल्या असतील. मग मागोमाग आवाज आला, लेकीने टिपलेला. तंबूच्या कापडामागून वन्संचं घोरणं, संथ, मधेच शिट्टी मारणारं. हे सोंग असणं शक्य नाही. आपण घोरतो हे वन्संना आजवर मान्यच नाही. ज्या गोष्टीबाबत त्या कानावर हात ठेवतात, तिचं सोंग त्या कशाला घेतील?

मी ते पुन्हा एकदा ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकले. पाठ किती आखडली होती ते तेव्हा कळलं.

आता आधी टॅक्सीवाल्या दादांना फोन करते. बिचारे अजून बाहेरच्या कपड्यांत बसले असतील. त्यांना सांगते, निजा आता, आमची माणसं झोपली.