सायलेन्सरमधल्या चिंध्या

सुपीरियर सरोवरावर बर्फ धरला की जहाजं बंदरात अडकायची आणि वेस कांगास घरी यायचा. खनिज वाहणाऱ्या जहाजावरचा खलाशी तो. उन्हाळाभर पाण्यावर आणि हिवाळाभर बायकोच्या उरावर. बाकीच्या खलाशांच्या बायका नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायच्या. ऐली मात्र पहिला बर्फ पडताच वसंताचे दिवस मोजू लागायची. एका हिवाळ्यात त्याने तिचं मनगट मोडलं, एका हिवाळ्यात दात पाडले, आणि एकदा सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायला उशीर झाला म्हणून तिचा तळहात सौनातल्या तापल्या दगडांवर दाबून धरला. ती किंचाळली तर शेजारच्या तोइव्होला ऐकू जाईल, म्हणून आधी तिच्या तोंडात स्वतःचा मोजा कोंबायचा. एवढी अक्कल मात्र होती मेल्याला.

ऐली गावच्या शाळेत मुलांचं जेवण रांधायची. मार खाऊनही सकाळी भांडी वेळेवर चुलीवर चढायची. तिचं स्वतःचं असं एकच होतं, बापाने मरताना तिच्या नावावर केलेली जुनी मोटरसायकल. पानगळ सरली की ती गाडी शेडमध्ये फळ्यांवर उभी करायची, टाकी रिकामी करायची, बॅटरी काढून स्वयंपाकघरात आणायची. उंदरांनी घरटं करू नये म्हणून दोन्ही सायलेन्सरमध्ये चिंध्या ठासायची आणि हँडलला लाल फीत बांधायची. तिकडे सगळेच बांधतात. वसंतात गाडी काढायच्या घाईत चिंध्या विसरू नयेत म्हणून ती खूण. बर्फ फुटून वेसचं जहाज सुटलं की ऐली फीत सोडायची, आणि मग सारा उन्हाळा तिचा.

या वर्षी जहाज सुटलं ते वेसला न घेताच. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी त्याने अधिकाऱ्याच्या डोक्यात पाना घातला आणि नोकरी घालवली होती. आता तो बारा महिने घरात राहणार होता. एवढं कळल्यावर ऐलीने ठरवलं, पुलापलीकडे बहिणीकडे निघून जायचं, ते कायमचं. ट्रकची किल्ली वेसच्या खिशात असायची, तेव्हा जायचं तर मोटरसायकलवरूनच.

वेस पिऊन घोरत पडला होता, त्या सकाळी तिने बॅटरी जोडली, नवं पेट्रोल आणि तेल घातलं, चाकांत हवा भरली. या जुन्या गाडीत इंजिनाची ठिणगी लवकर की उशिरा पाडायची ते डाव्या मुठीवर ठरायचं; त्या मुठीची तार हिवाळ्यात आखडली होती, म्हणून मूठ पूर्ण पुढे फिरवून तीत तेल सोडलं. कपड्यांची पिशवी मागे बांधली. आता चिंध्या तेवढ्या काढायच्या राहिल्या होत्या, तोच शेडचं दार करकरलं.

"कुठं निघाली स्वारी?" वेस दारात उभा होता.

"कुठं नाही. गाडी बघत होते."

त्याने पिशवी हिसडली. कपडे तेलात पडले. "गाडी बघायला चड्ड्या लागतात होय गं?"

तिचे केस धरून त्याने तिचं डोकं अवजारांच्या टेबलावर आपटलं. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. "थांब, ही गाडीच आता वाजवत नेतो आणि धक्क्यावरून पाण्यात लोटतो. कळू दे गावाला!" म्हणत तो गाडीवर बसला. फीत दिसली तशी हसला. "सण आहे वाटतं आज?" आणि ती ओरबाडून फेकून दिली.

"वेस, सायलेन्सरमध्ये चिंध्या आहेत," ती सवयीने बोलून गेली. तिच्या गावात हे वैऱ्यालाही सांगतात.

उलट्या हाताची एक बसली. "मला शिकवतेस? परत तोंड उघडलंस तर जीभ उपटीन."

ऐलीने तोंड मिटलं. एक गोष्ट अजून सांगायची होती. किक मारण्याआधी डावी मूठ मागे घ्यावी लागते, नाहीतर ठिणगी आधीच पडते आणि किक उलटी येऊन पायावर बसते. बापाने गाडीला हात लावू देण्याआधी हे शिकवलं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले, पण तिथे रक्त होतं. तिने दोन्ही गिळलं.

वेसने किक मारली. इंजिन घुसमटलं. पुन्हा मारली. पाना उचलून ऐलीच्या खांद्यावर फेकला, शिव्या हासडल्या, आणि डोक्यात राख घालून सगळा भार टाकून तिसरी मारली. किक उलटली. काटकी मोडावी तसा आवाज झाला. वेस खाली कोसळला, नडगीचं हाड विजारीतून बाहेर आलं होतं. तो गुरासारखा ओरडायला लागला.

ऐलीने पक्कड घेतली आणि एकेका सायलेन्सरमधून चिंध्या ओढून काढल्या. त्या वेसच्याच जुन्या शर्टाच्या होत्या. चिंध्यांचा बोळा हातात धरून ती त्याच्याजवळ आली. त्याने बोळ्याकडे बघितलं आणि एकदम गप्प झाला.

"ऐली, नको. नको गं."

तिच्या मनात आलं नाही असं नाही. घशापर्यंत कोंबावा असं वाटलं. मग तिने बोळा कोपऱ्यात भिरकावला.

"ओरड," ती म्हणाली. "मोकळ्या तोंडाने ओरड."

मूठ मागे घेतली, किक मारली. दुसऱ्या किकेला इंजिन धडधडलं.

तोइव्हो म्हातारा आपल्या फाटकात येऊन उभा होता. ऐलीने गाडी थांबवली.

"वेसचा पाय मोडलाय. शेडमध्ये ओरडतोय. आलं ना ऐकू?"

"आलं."

"माझं ओरडणंही यायचं? तोंडात मोजा असायचा माझ्या."

तोइव्होने टोपी काढली. तिच्या फुटलेल्या भुवईकडे त्याला बघवेना. "यायचं, पोरी. मी रेडिओ मोठा करायचो."

"मग आज तो बंद करा आणि जा त्याच्याकडे," ऐली म्हणाली, आणि तिने पुलाच्या रस्त्याला गाडी काढली.