गुंतवळ

माझ्या मेव्हण्याइतका केसांचा नाद अख्ख्या आखातात कुणाला नसेल, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र औषधालासुद्धा केस नाही. दुबईतल्या एका प्रयोगशाळेत तो केस, नखं, हाडं तपासून अनोळखी मृतदेहांची ओळख पटवण्यावर संशोधन करतो. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत. आमच्या शारजाच्या घरी पाहुणे आले की मी विचारतो, "मूळचे कुठले?" हा तोवर त्यांच्या खांद्यावरचा केस उचलून उजेडात धरतो आणि म्हणतो, "मूळ नाही याला." पाहुणे दुखावतात. मग केसाच्या मुळावरून माणूस नेमका ओळखता येतो, हे बायकोला पोळ्या वाढता वाढता पाहुण्यांना समजवावं लागतं. आमटीत केस निघाला तर हा तो निरखून बघतो, "ताईचाच आहे, मेंदीचा," असा निर्वाळा देतो आणि पुढे जेवतो. "मामा, दॅट्स सो ग्रॉस," असं म्हणून माझी मुलगी ताट घेऊन उठते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावाकडच्या एक मावशी आल्या. त्यांचा मुलगा इथे बोटीवर कामाला. कित्येक महिने त्याचा फोन नव्हता, आणि समुद्रात सापडलेला एक अनोळखी देह शवागारात होता. साहेब केस तपासतात, एवढंच त्यांना कळलेलं. त्यांनी पिशवीतून फडक्याचं गाठोडं काढलं. आत भांडीवालीला द्यायला साठवलेलं गुंतवळ होतं.

"समदं माझंच हाय. येवढं पुरंल का?"

मला हसू आलं. मेव्हण्याने मात्र ते दोन्ही हातांनी घेतलं. गालाच्या आतून कापूस फिरवला की काम भागतं, हे त्याने मागाहून सांगितलं. आधी म्हणाला, "मावशी, बिनमुळाच्या केसातसुद्धा आईकडून मुलाकडे जाणारं सापडतं."

पोलिसांमार्फत रीतसर नमुना गेला. निकाल कळला त्या संध्याकाळी तो दारातूनच म्हणाला, "जुळत नाही, मावशी. तो तुमचा नाही." मावशी रडता रडता हसायला लागल्या. बायकोने शिरा केला. मेव्हण्याने वाटीला हात लावला नाही. गॅलरीत उभा राहून मला म्हणाला, "भावजी, मग तो कुणाचा?" ते मावशींनी ऐकलं.

त्यांचा मुलगा अजून सापडलेला नाही, पण त्यांचा धीर सुटलेला नाही. गावाहून त्या मेव्हण्याला फोन करतात, तेव्हा स्वतःच्या मुलाचं नंतर विचारतात. आधी विचारतात, "त्या लेकराची आय घावली का?"

"घावंल, मावशी," हा पुण्याचा माणूस त्यांच्याच बोलीत सांगतो, "इन्शाल्ला."