मुजीबचं टिंब

मुजीब पेंटरच्या अक्षरांचा सगळा जीव टिंबात. विशीत असताना भांडगावच्या तात्याबांच्या फुलांच्या टेम्पोवर नाव काढताना ब्रशात रंग जास्त झाला आणि 'भां'वरचं टिंब खाली ओघळलं. बिचारा चिंधी घेऊन पुसायला धावला. तात्याबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. फुलावरचं दंव वाटतंय." चुकीचं कौतुक करणारा माणूसही नशिबात असावा लागतो! तेव्हापासून मुजीबचं प्रत्येक टिंब शेपटीचंच. दौंडपासून शिरूरपर्यंत ट्रॉल्यांवर, दुकानांवर ते थेंब लटकले. टिंब तो सगळ्यात शेवटी द्यायचा, श्वास रोखून. ते दिल्याशिवाय कुणी गाडीपुढे नारळ फोडायचं नाही.

पुढे फ्लेक्स आले, कामं गेली. पण आपला थेंब कुणाच्या बापाला जमायचा नाही, एवढा एक तोरा त्याने साठीपर्यंत सांभाळला होता.

परवा तात्याबांचा नातू सुदर्शन नवा टेम्पो घेऊन त्याच्या दारात आला. मागे लिहिलेलं, 'धुरपदा फूल भांडार, भांडगाव'. मुजीबचेच उकार, मुजीबचाच थेंब.

मुजीबने दोनदा चष्मा पुसला. "हे मी कवा काढलं?"

"तुम्ही न्हाई, मामा. तुमच्या जुन्या पाट्यांचे फोटो एआयला दिले. दोन मिन्टात अक्षर तयार, मग स्टिकर कापून मारला. तुमाला आठ दिस लागले असते, आन् उद्या मार्केट गाठायचंय." पोराच्या मनात पाप नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. मग तो हळूच म्हणाला, "आबा फुडं बसल्यात. आज्जीचं नाव तुमच्याच हातचं पायजे म्हणत्यात. तेवढं तुम्हीच काढलंय म्हणा."

तात्याबांची नजर काचबिंदूने गेलेली. नातवाचा हात धरून ते मागे आले आणि देवाघरी गेलेल्या बायकोच्या नावावरून बोट फिरवू लागले. मुजीबला आशा वाटली. डोळे फसतील, म्हाताऱ्याचं बोट फसायचं नाही. बोट सरकत सरकत 'भां'पाशी पोचलं आणि थेंबावर थांबलं. मुजीबने श्वास रोखला.

"ह्योच!" तात्याबांनी बोट तिथंच दाबून धरलं. "ह्यो थेंब दुसऱ्या कुणाला जमायचा न्हाई. मुजीब, पोरा, तूच काढलास न्हवं?"

नाही म्हणावं, तर म्हाताऱ्याच्या हातातून धुरपदाबाई पुन्हा जातील.

"व्हय, आबा."

सुदर्शनने नारळ फोडला. कारागिराचा मान म्हणून तात्याबांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा चाचपडत मुजीबच्या हातावर ठेवला, आणि मुजीबने तो खाल्ला.