वहीतलं कोळ्यांचं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि तिला तर मी शाळेतली भांडणंसुद्धा येऊन सांगायचे.

पुण्यात माझं लहानपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. आई चळवळीसाठी ती लिहायची, मी घड्या घालायचे. तिचा नियम मला पाठ होता: एक पान, एकच शत्रू. त्यात जे बसत नाही ते काढून टाकायचं. नोकरीसाठी नेदरलँड्समधल्या डीमनला आले तेव्हा कपड्यांबरोबर हा नियमही आला.

माझ्या खालच्या मजल्यावर नेल आजी राहतात. त्यांचे वडील डच नौदलाच्या एका जुन्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीवर मेकॅनिक होते. इंडोनेशियातल्या डच वसाहतीसाठी बांधलेली बोट; तिची सगळी नोकरी जावाच्या समुद्रात झाली. आमच्या वाचनालयात छोटं प्रदर्शन भरणार होतं. त्या बोटीचा इतिहास मी एका फलकावर लिहावा, म्हणून आजींनी मला वडिलांची वही दिली. ते पेन्सिलीचं बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही.

मी वही वाचली. अख्खी वाचली.

पाण्याखाली ती बोट बॅटरीवर चाले. बॅटरी भरायला वर येऊन तासन्‌तास डिझेल इंजिनं चालवावी लागत. एकदा अशीच वर असताना लांब एक उलटलेली होडी दिसली. कप्तानाने चार्जिंग अर्धवट सोडून बोट वळवली. होडीला धरून नऊ जावानीज कोळी तरंगत होते. आजींच्या वडिलांनी आपली झोपायची फळी त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला दिली आणि स्वतः इंजिनाशेजारी बसून झोपले. युद्धसरावाला उशीर झाला म्हणून कप्तानाने वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

माझ्या फलकावर तोफ होती, साम्राज्य होतं, धाक दाखवत किनाऱ्याजवळून फिरणारी पाणबुडी होती. सगळं खरं होतं. कोळी तेवढे नव्हते — माझ्या पानात ते बसणार कुठे?

उद्घाटनाला नेल आजी रोलेटर, म्हणजे त्यांचा चाकांचा वॉकर, ढकलत आल्या. त्यांच्या मुलीने त्यांना फलक वाचून दाखवला. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि ते कोळी? बाबा नेहमी सांगायचे ते?"

गाळले — एवढंच म्हणायचं होतं. किती वेळ लागला असता? पण भोवती माणसं होती, माझं कौतुक चाललं होतं.

"वहीत तसं काही नाही, नेल आजी," मी म्हणाले.

त्या हसल्या. "मग बाबांनी रचलं असेल. नाहीतर माझ्या डोक्याने."

पुढच्या आठवड्यात त्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, स्मरणशक्ती तपासून घ्यायला गेल्या. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. आजींना ते पटलं नाही — त्यांच्याकडे माझा पुरावा होता ना!

वही मी परत दिली. ती कपाटात गेली. कुणी उघडली नाही. मी वाचली होती, मग कशाला उघडतील?

याला तीन वर्षं झाली. मी अजून त्यांच्याकडे कॉफीला जाते. हल्ली कुठलीही आठवण सांगताना त्या आधी म्हणतात, "हे खरंच झालं की नाही, माहीत नाही, पण..." — आणि मी मान डोलावते.

हे मी मराठीत लिहिलं. नेल आजींना मराठी येत नाही. तेही मी ठरवूनच केलं.