गोदाबाईच्या बोटातली पारख

बंदुकीची दारू मी एकदा सुपात घेऊन पाखडली होती. ज्वारी पाखडावी तशी, भर दुपारी अंगणात बसून, आत चुलीत निखारे असताना. हे मी आजवर माहेरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्या दोघांना ते ठाऊक होतं ते दोघंही गेले. आमच्या मालकांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मागच्या महिन्यात रिठदहून पुतण्या सांगत आला की गोदाबाई, म्हणजे माझी थोरली नणंद, सकाळचा चहा घेऊन भिंतीला टेकली ती टेकलेलीच राहिली. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्याही आधी मनात काय आलं म्हणाल, तर गेली का ही पुढे? आता तिकडे बहीण-भाऊ निवांत बोलत बसतील आणि मी इथं गुडघ्याला तेल चोळत बसेन... एवढं वय झालं, दात गेले, पण हेवा काही हललेला नाही.

मी रिठदला सून म्हणून आले तेव्हा दुसरी लढाई सुरू व्हायची होती. पंधरा वर्षांची होते, आणि आपण फार देखण्या आहोत असा माझा पक्का समज होता. घरात परवान्याची दोन हत्यारं होती. एक लांब नळीची बंदूक, रानडुकरं भुईमुगात शिरली की काढायची. दुसरं सासऱ्यांच्या वेळचं पिस्तूल, मालक बाजाराच्या वाटेवर कमरेला लावत. दोन्हीची पितळी काडतुसं एकदा उडाली की टाकून द्यायची नाहीत, घरीच पुन्हा भरायची, अशी रीत होती. दारूचे डबे दोन. बंदुकीची दारू जाड दाण्याची, ती दमानं पेटते. पिस्तुलाची बारीक दाण्याची, ती झटकन पेटते. एकीच्या जागी दुसरी गेली तर बार फुसका तरी जातो, नाहीतर हत्यार हातातच फुटतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या लेखी दोन्ही डब्यांत काळा कोळसाच होता.

ही पारख घरात एकट्या गोदाबाईला. तिचा नवरा तापानं गेला, सोळाव्या वर्षी ती माहेरी परत आली. त्याच सुमाराला सासऱ्यांची नजर अधू झाली, म्हणून त्यांनी लेकीला जवळ बसवून दाणा ओळखायला शिकवलं. चिमूटभर दारू घ्यायची, बोटांत फिरवायची, वास घ्यायचा, तळहात झटकून मागे किती काळं राहतं ते बघायचं. वाशीमच्या परवानेवाल्या दुकानात दारू आणायला मालक जात तेव्हा दमणीत, म्हणजे आमच्या छोट्या बैलगाडीत, शेजारी गोदाबाई असायची. दुकानदार तिच्यापुढं चार-चार डबे उघडून ठेवायचा, आणि ती दोन नाकारायचीच. मी घरी भाकऱ्या थापत बसायची. परत आले की दोघं ओसरीवर काडतुसं भरायला बसत. तिथं कुणी बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, आणि मला तर उंबऱ्याच्या आतच राहायचं. दाराच्या फटीतून मी बघायची. ती माप भरून द्यायची, हे नळकांड्यात ओतायचे, ती बूच दाबायची. एकही शब्द न बोलता दोघांचे हात असे चालायचे की मला वाटायचं, याच घरात लग्न होऊन आलेली मी, आणि यांच्या हातांची ओळख कुणाशी, तर हिच्याशी. रात्री जेवताना हे म्हणायचे, "बाईच्या हातचं काडतूस कदीच फुसकं जात नाही." माझ्या हातच्या भाकरीबद्दल असं कधी कुणी बोललं नव्हतं.

त्या दुपारी गोदाबाई नदीवर गेली होती, हे मळ्यात. नवी दारू आदल्या दिवशीच आली होती. मला वाटलं, बोटांत फिरवून एवढं काय कळतं? साफ करायची तर चांगली साफ करू, म्हणजे संध्याकाळी यांनी डबा उघडला की विचारतील, ही चकचकीत कुणी केली? मी सूप घेतलं आणि जाड दारूचा डबा पाखडला. थोडी धूळ उडाली, मला फार बरं वाटलं. मग बारीक दारू सुपात ओतली, तर बघते, सगळीच कडेला यायला लागली. मला वाटलं, दुकानदारानं अर्धा कोंडाच दिला, आणि एवढी शहाणी गोदाबाई फसली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण कोंडा टाकावा तर एक डबा जवळजवळ रिकामा व्हायचा, मग बोलणी खावी लागतील. म्हणून मी दोन्हींची एक रास केली, हातानं नीट कालवली आणि दोन्ही डब्यांत समसमान भरून ठेवली. सूप धुऊन खुंटीला लावलं. निखाऱ्यापासून पाच हातांवर बसले होते मी. वर बसलेल्यानं त्या दिवशी दुसरं सगळं काम सोडून माझ्याकडंच बघितलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ओसरीवर बसले. मी कान देऊन आत. गोदाबाईनं डबा उघडला, चिमूट घेतली आणि तिचा हात थांबला. दुसरा डबा उघडला. मग म्हणाली, "आज नाही भरत."

"काहून?"

"सर्द झाली."

"काल त आनली. काल तूच निवडली ना, बाई?"

"झाकन माह्याच हातून उघडं राह्यलं," ती म्हणाली. "पान्यात टाकतो आता, कामाची नाही."

यांनी बहिणीला कधी मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "एवढं एकच काम तुह्याकडं," असं म्हणून हे उठून गेले. आणि मी काय केलं? धावत जाऊन खरं सांगितलं? मी चुलीपुढं बसून मनातल्या मनात गूळ खाल्ला. गोदाबाई आत आली, माझ्यासमोर मूठ उघडली. तळहातावर माझ्या सुपातला ज्वारीचा एक दाणा होता, दारूनं काळा झालेला. दाणा तिनं माझ्या पिठाच्या परातीच्या काठावर ठेवला आणि दोन्ही डबे घेऊन विहिरीकडे गेली.

त्यानंतर हे वाशीमला एकटेच जायला लागले. दमणीत शेजारची जागा रिकामी. गोदाबाई ओसरीवर मेथी निवडत बसायची, डबे आले तरी मान वर करायची नाही. महिनाभरातच तिचं बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. मी मात्र डोक्यावरचा पदर सारखा करत हिंडत होते. मला जे पाहिजे होतं ते मिळालंच, तेही एका सकाळी. यांनी नवा डबा उघडला, मला ओसरीवर बोलावलं आणि तळहातावर दारू घेऊन माझ्यापुढं धरली. "पाह्य बरं रुख्मे, पिस्तुलात चालन का?"

माझ्या जन्मात मला कुणी इतका मान दिला नव्हता. मी गोदाबाईसारखी चिमूट घेतली, बोटांत फिरवली, वासही घेतला. मला शिंक आली. काळं होतं, एवढंच कळलं. 'चांगली हाये' हे शब्द जिभेवर आले होते. यांनी माप उचललं. समोर गोदाबाई होती, तिच्या हातातली मेथीची काडी मोडायची थांबली होती, पण ती बोलत नव्हती. तिच्या शब्दाला आता किंमत नव्हती, आणि ती मी घालवली होती. मी यांच्या उजव्या हाताकडं बघितलं. पाची बोटं धड होती... मग माझ्या तोंडातून निघालं, "मले नाही कळत. बाईले इचारा. ते दारू सर्द नव्हती झाली. म्या दोनी डबे सुपात पाखडून एक केले होते."

हे माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता हात उठतो की काय. पण यांनी माप खाली ठेवलं, डबा उचलला आणि बहिणीपुढं जाऊन उकिडवे बसले. "बाई, पाह्य वो." गोदाबाईनं मेथीचे हात पदराला पुसले. दारू नुसती बोटाला लावली आणि म्हणाली, "बंदुकीची हाय हे. पिस्तुलात घालजो नोको." यांनी डब्याला झाकण लावलं आणि हे बैल जुंपायला उठले.

पुढं दोघी मिळून आम्ही कितीतरी काडतुसं भरली, पावसाळी दिवसांत मांडीला मांडी लावून. जाड दाणा, बारीक दाणा, ओलसर झालेली दारू, सगळं तिनं मला शिकवलं. तळहात झटकल्यावर मागे राहिलेल्या काळ्यावरून तिला काय कळायचं, तेवढं मात्र कधी सांगितलं नाही. तिच्याबरोबर ते गेलं, आणि खरं सांगते, त्याचाही मला हेवाच वाटतो. पण त्या सकाळी, हे डबा परत करायला निघून गेल्यावर, मी तिच्याजवळ जाऊन मेथी निवडायला लागले आणि खाली मान घालून विचारलं, "बाई, मलेबी शिकवान का?" तिनं जुडी संपवली, देठं बाजूला सारली, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली,

"शिकवीन. पन सारं नाही शिकवनार, रुख्मे. थोडं माह्याजवळ ठेवीन. तुह्याजवळ तो हाय. माह्याजवळ एवढंच हाय."