चेतना, व्हॉल्व्ह आणि आमचे सर

मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझी शाळेपासूनची मैत्रीण लातूरला दातांची डॉक्टर आहे. आम्ही फोनवर बोलायला लागलो की कृष्णविवरापासून निघालेला विषय सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत कधी येतो ते दोघींनाही कळत नाही. एकदा माझा नवरा वैतागून म्हणाला, "एवढं बोलून राहिलात तर रेकॉर्ड तरी करा. ज्याला ऐकायचं तो ऐकेल, मला तरी सुट्टी मिळेल."

तो टोमणा होता. आम्ही तो सल्ला समजून पॉडकास्ट सुरू केला.

विज्ञान, तंत्रज्ञान आणि माणूस यांच्यावर निवांत, लांबलचक गप्पा मारायच्या, घाई करायची नाही, एवढंच ठरलं होतं. माझ्या घरी जमेना. कुकर, घंटागाडीचं गाणं आणि भंगारवाल्याचा भोंगा यांच्यात विश्वाची उत्पत्ती पार दबून जायची. शेवटी रविवारी मैत्रिणीचा दवाखाना बंद असतो तिथं बसायचं ठरलं. काचा जाड, रस्ता लांब, आवाज नाही.

पहिले पाहुणे म्हणून दोघींच्याही तोंडी एकच माणूस आला. अकरावी-बारावीला आम्हाला झूलॉजी शिकवणारे आमचे सर. मूळचे उमरीकडचे, शेतकरी घरातले. वर्गात बेडूक कापता कापता माणसाच्या जगण्याबद्दल असं काही बोलायचे की घंटा झालेली ऐकू यायची नाही. आता निवृत्त होऊन नांदेडातच राहतात. मी घरी जाऊन विचारलं तेव्हा ते नुसते हसले आणि मान हलवली. काकू आतून ओरडल्या, "हाव म्हणून राहिले ते! घेऊन जा! दिवसभर घरात गप्प बसून असतात, तिकडं तरी बोलतील."

लातूरला निघालो त्या रविवारी सरांनी कानात ऐकू येण्याची नवी यंत्रं घातली होती. पुण्याच्या मुलानं आणून दिलेली, फोनला जोडलेली, शेंगदाण्याएवढी. गाडीत चाकूर येईपर्यंत सर फारसं काही बोलले नाहीत. मला वाटलं, मनात मुद्द्यांची जुळवाजुळव चालली असेल.

दवाखान्यात बसायला धड एकच खुर्ची होती, दात काढायची. मैत्रिणीनं सरांना तिच्यावर बसवलं, पाठ जराशी मागं केली, तर सरांनी सवयीनं आ केला. "सर, आज तोंड बोलायला उघडायचंय," ती म्हणाली. शर्टाला माईक लावला. फोन सायलेंट करायला सांगितला, तो त्यांनी निमूट करून खिशात ठेवला.

सुरुवात झकास झाली. माशाच्या कल्ल्यापासून माणसाच्या कानापर्यंतचा प्रवास सरांनी असा रंगवून सांगितला की मला पुन्हा बाकावर बसल्यासारखं वाटलं. मग मी मुख्य विषयाकडे वळले.

"सर, आपली चेतना, म्हणजे हे 'मी आहे' असं वाटणं, ते मेंदूत नेमकं कुठं असतं?"

सरांनी डोळे किंचित मिटले. छताकडे पाहिलं. आणि म्हणाले, "वरती. जिना चढून गेलं की डाव्या हाताला."

आम्ही दोघी थक्क. जिना! उत्क्रांतीचा जिना! मैत्रिणीनं मला डोळ्यानं खूण केली, बघ, याला म्हणतात शिकवणं.

सर पुढं म्हणाले, "पण हलक्या हातानं. लई पिळलं तर तुटतंय, मग गळती लागती."

"म्हणजे स्मृतिभ्रंश!" मी जवळजवळ ओरडलेच. "सर, म्हणजे माणसानं मेंदूवर फार ताण घेऊ नये, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

सरांनी माझ्याकडे बघून प्रेमानं मान हलवली.

मैत्रिणीला आता राहवेना. तिनं तिचा ठेवणीतला प्रश्न काढला. "सर, उद्या यंत्रं माणसाची जागा घेतील असं म्हणतात. तुम्हाला भीती वाटते का?"

"जुनं काढूनच टाका," सर ठामपणे म्हणाले. "किती वर्षं झाली त्याला. आतून पार गंजून गेलंय."

माणूस आतून गंजून गेलाय! ते वाक्य मी पुढं या भागाचं शीर्षक म्हणून वापरायचं मनात पक्कं केलं. मैत्रीण जरा खट्टू झाली, कारण दात काय आणि माणूस काय, काढण्यापेक्षा वाचवण्यावर तिचा विश्वास.

"मग आपण निर्णय घेतो तेव्हा," मी विचारलं, "ते खरंच आपण घेतो, की आधीच ठरलेलं असतं?"

"मी इथून काय सांगू? समोर तू हायेस. तुला पटंल तसं कर."

एकदम 'तू' ऐकून मला उलट बरंच वाटलं. किती वर्षांनी सरांनी विद्यार्थिनीसारखी हाक मारली. भारावून मी शेवटच्या प्रश्नाला हात घातला. आवाज खाली आणला, मध्ये नीट थांबले. "सर... माणूस गेल्यावर मागं काय उरतं?"

सर म्हणाले, "वरण उरलंय. त्यालाच फोडणी दे. प्लंबरलाही वाढ थोडं, उपाशी कशाला पाठवायचं."

मैत्रीण माझ्याकडे बघत होती, मी सरांकडे, आणि सर आमच्या दोघींकडे बघून हसत मान हलवत होते.

"सर," मैत्रीण हळूच म्हणाली, "कुणाशी बोलून राहिलात तुम्ही?"

ते काही त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं हातानं कानाजवळ फोन धरल्याची खूण केली तेव्हा सरांनी खिशातून फोन काढला. काकूंचा फोन चालू होता. सर कधी फोन उचलतच नाहीत म्हणून मुलानं तो आपोआप उचलला जाईल अशी सोय करून ठेवली होती. बाहेर रिंग नाही, काही नाही, काकू थेट सरांच्या कानात. एकदा त्या कानात शिरल्या की बाहेरचं जग म्हणजे आम्ही, आमची चेतना, सगळं बंद.

मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून काकूंचं हसणं थांबेना. मागं आणखी कुणीतरी हसत होतं, तो बहुतेक प्लंबर.

"अगं पोरींनो, मला तुमचं सगळं ऐकू येऊन राहिलं होतं! मी ह्यांना टाकीचा व्हॉल्व्ह कुठं हाय विचारते, तुम्ही आणखी काय काय विचारता, आन् हे एकालाच उत्तर देतात! मी म्हटलं बघू तरी कुठवर जातंय."

"पण सर, तुम्हाला आमचे ओठ हलताना दिसले नाहीत का?" मैत्रिणीनं विचारलं.

"दिसले की," सर ओशाळून म्हणाले. "पण मधी मधी 'परत सांगा' म्हणायचं जिवावर येतं बाई. लोक वैतागतात. म्हणून मान हलवायची. लई वर्षं तेच करून राहिलो मी."

मग काकू म्हणाल्या, "मलाही एक विचारायचंय. घेता का तुमच्या त्या कार्यक्रमात?"

रेकॉर्डिंग चालूच होतं. आम्ही हो म्हटलं.

"ही एवढी भारी यंत्रं आणली. मी समोर बसून बोलायला लागले की हे काढून डबीत ठेवतात. सगळ्या जगाचं ऐकायचं, माझंच का न्हाई?"

सर खुर्चीत सरळ बसले. वर्गात बसायचे तसे. "कान फक्त आवाज गोळा करतो," ते म्हणाले. "ओळखतो मेंदू. माझ्या मेंदूला इतकी वर्षं धूसर ऐकायची सवय लागली. आता यंत्रातून सगळं पातळ, पत्र्यावर वाजल्यासारखं येतंय. बाकीच्यांचं चालून जातं. तू बोललीस की वाटतं, ही दुसरीच कुणी बाई घरात शिरली. तुझा आवाज असा नव्हता. तो माझ्या ध्यानात हाय. म्हणून काढून ठेवतो."

पलीकडे प्लंबरचंही हसणं थांबलं.

"मग हे मला सांगायचं न्हाई का?" काकू म्हणाल्या.

"पोरानं हौसेनं आणलं. वाईट कसं म्हणायचं?"

मैत्रिणीनं समजावलं की यंत्राचा आवाज कानाला बसेल असा लावून देता येतो, कान तपासणारी बाई तिच्याच ओळखीची आहे, आणि रोज थोडं थोडं ऐकत राहिलं तर मेंदू शिकतो. सर म्हणाले, "शिकतो. उंदीरसुद्धा शिकतो." काकू म्हणाल्या, "मग उद्यापासून डबी माझ्याजवळ. आन् एक सांगते, तुम्हीसुद्धा आजकाल बोलत न्हाई, ओरडता. मी कुठलं यंत्र काढून ठेवू?"

तो भाग आम्ही काहीही न कापता नेटवर टाकला. मैत्रीण आधी तयार नव्हती, तिला तिच्या गंभीर प्रश्नांची लाज वाटत होती. ऐकणारे फार नव्हते, पण भोकरच्या एका बाईंनी लिहिलं की तो त्यांनी नवऱ्याला जबरदस्तीनं ऐकवला आणि नवरा दुसऱ्या दिवशी कान तपासायला गेला. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांमध्ये मात्र वाद झाला. एकजण अजूनही म्हणतो की जिन्याचं ते उत्तर सरांनी मुद्दामच दिलं होतं.

त्या दिवशी परतताना अहमदपूरच्या पुढं आम्ही चहाला थांबलो. सरांनी फोन काढला आणि स्वतःहून काकूंना लावला. टाकीची चौकशी झाली, 'प्लंबर गेला का' विचारून झालं, आणि मग काहीच काम नसताना ते बोलत राहिले. लातूरच्या उन्हाबद्दल, दात काढायच्या खुर्चीबद्दल, उमरीच्या कुठल्याशा लग्नाबद्दल. मध्येच म्हणायचे, "हं, आता जरा तुझ्यासारखी वाटून राहिली. बोल आणखी."

त्यांचा चहा गार व्हायला लागला. मी कपाकडे बोट करून 'घेता का' असं खुणेनं विचारलं, सरांनी मान हलवली. हो की नाही ते मला समजलं नाही, म्हणून मी तो पिऊन टाकला.